नंदवाळच्या वाटेवर काराव्हाज्जो

आषाढीला पंढरपूरला जायला रजा मिळत नाही, मग आमच्यासारखे कोल्हापूरकर नंदवाळची, म्हणजे आमच्या प्रतिपंढरपूरची वाट धरतात. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून पालखी निघते, पुईखडीला रिंगण, तिथनं वाशी आणि मग नंदवाळ. फार तर दहा-बारा किलोमीटर, पण पावसात पायाचा पार भुगा होतोय. यंदा सोबत मित्र होता, ख्रिश्चन आहे, वायल्डर मेमोरियल चर्चला जातो, आणि आम्हा दोघांना पिक्चरचं येड लई जुनं.

पुईखडीच्या चढाला गर्दी तुंबली. पुढं एक आजी, डोक्यावर तुळस, अनवाणी. पाऊल उचललं की तळवा दिसायचा, टाचेच्या भेगांत चिखल गच्च बसलेला. मित्र हळूच म्हणाला, "काराव्हाज्जो बघ मर्दा."

काराव्हाज्जो म्हणजे इटलीचा जुना चित्रकार. रोममध्ये सांत अगोस्तिनो चर्चमध्ये त्याचं एक चित्र आहे, 1604-06 च्या सुमाराचं. दारात बाळाला घेऊन मरिया उभी, समोर गुडघे टेकलेलं गरीब यात्रेकरूंचं जोडपं, आणि त्या माणसाचे मळके तळवे सरळ बघणाऱ्याच्या तोंडासमोर. त्यावरनं तेव्हा लोकांनी लई गलका केला असं त्याच्याच काळातल्या बाल्योने नावाच्या चित्रकारानं लिहून ठेवलंय. आपल्याकडं कुणी बोंबललं नसतं, आपण चालणाऱ्याच्या पायालाच हात लावून माऊली म्हणतो. अर्थात कॅलेंडरवरचा येशू काय आणि विठोबा काय, दोघंही आत्ताच पार्लरमधनं आल्यासारखे, हे पण खरंच.

मला पटलेला येशू पाझोलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या पिक्चरमधला, 1964 चा, ब्लॅक अँड व्हाइट. दिग्दर्शक स्वतः नास्तिक, मार्क्सवादी, साध्या लोकांना घेऊन पिक्चर केला आणि म्हाताऱ्या मरियेच्या कामाला स्वतःची आई. त्यातला येशू तरातरा चालतो, चालता चालताच मागं वळून शिष्यांना बोलतो, ते बिचारे धापा टाकत मागनं. मित्राला तो फार रागीट वाटतो. मी म्हटलं, अरे तुकोबा काय कमी रागवायचे का, तेव्हा त्यानं रेव्हरंड टिळक काढले. ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तरी अभंग लिहायचं सोडलं नाही, तुकोबांच्या पुलावरनं मी ख्रिस्ताकडं आलो असंच म्हणायचे ते. पुढं टाळ एवढे वाजायला लागले की वाद तिथंच राहिला.

वाशीत एका मंडळाची पोरं वारकऱ्यांचे पाय चेपत होती. एकानं माझा पाय धरला तसा मी ओढून घेतला, नको रे बाबा, चिखलाचाय. मित्र फिदीफिदी हसला, "पेत्र झालास की!" शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो तेव्हा त्यातला पेत्र असाच आडवा येतो, तुम्ही आणि माझे पाय धुणार? सेवा करणं सोपं असतंय हो, करून घेताना जीव नुसता आक्रसतो. दिला शेवटी पाय. पोरानं तेल लावून असा रगडला की मी कळवळलो.

मित्र म्हणाला, "पेत्र नंतर हात आणि डोकं पण धुवा म्हणाला होता, तू पण सांग की."

पोरगं मान वर न करता म्हणालं, "डोक्याला तेल उरलं नाही काका, पुढच्यांना सरकू द्या."