ई-स्कूटर अडली? आधी मागचा दिवा बघा

ताशी २५ किलोमीटरच्या आत पळणारी, आरटीओ पासिंग न लागणारी छोटी ई-स्कूटर आता गल्लोगल्ली दिसते. मागच्या चाकात मोटर, सीटखाली १२ व्होल्टच्या चार किंवा पाच लेड ॲसिड बॅटऱ्या आणि मध्ये बॅटरीची वीज मोटरला हवी तशी देणारा कंट्रोलर, एवढाच तिचा संसार. ती अडली की सगळ्यात आधी कंट्रोलरवर आळ येतो, कारण तो महाग आणि कुणालाच न कळणारा. खरं तर त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. बहुतेक वेळा दोष एखाद्या सैल कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात), ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा चारांतल्या एका बॅटरीत निघतो.

डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर एवढं सामान पुरतं. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहिला आणि तसाच बॅटरीला टेकवला, तर थेट शॉर्ट होतो. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. वायरिंगला हात लावण्यापूर्वी चावी बंद आणि सीटखालची एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा मेन स्विच, खाली.

चावी फिरवली, हँडलवरचा गाडीचा मीटर पेटतच नाही. आधी एमसीबी बघा. खड्ड्यातल्या दणक्यानेही ती कधी कधी पडते. वर करूनही लगेच पडत असेल तर पुढे शॉर्ट आहे. हाताने दाबून धरू नका. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार घालायचा जुगाड केलात, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. मग बॅटऱ्यांच्या दोन टोकांना व्होल्टेज मोजा. चार बॅटऱ्यांची पूर्ण चार्ज गाडी काही तास थांबल्यावर ५१ च्या आसपास दाखवते, पाचांची ६४ च्या आसपास. बॅटरीवर आकडा नीट आहे आणि एमसीबीच्या पलीकडे शून्य, तर एमसीबी गेली. तिच्याही पुढे येतोय, तर चावीच्या स्विचचं कपलर उघडून बघा.

गाडीचा मीटर पेटतो, चाक फिरत नाही. पार्किंग मोड असेल तर ब्रेक दाबून पी बटण दाबून बघा. मग गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. ब्रेकला हात न लावता मागचा लाल दिवा लखलखीत पेटलेला असेल, तर शोध तिथेच संपला. ब्रेक दाबला की मोटरचा करंट तोडणारा स्विच अडकून बसलाय आणि कंट्रोलरला वाटतंय की ब्रेक दाबलेलाच आहे. लिव्हरच्या बुडाशी हरभऱ्याएवढं बटण असतं. ते धुळीने आत रुतून बसतं. क्लीनर मारून दहा-बारा वेळा दाबा-सोडा. तरी शंका असेल तर दोन्ही लिव्हरची कपलरं आळीपाळीने काढून चाक फिरतं का बघा. ही फक्त चाचणी. कपलर काढून रस्त्यावर जाऊ नका. साइड स्टँडला सेन्सर असेल तर तोही याच पद्धतीने तपासा.

ब्रेक निर्दोष निघाला तर एक्सलरेटर. त्याच्या कपलरला बहुधा तीन बारीक वायरी येतात: लाल, काळी आणि सिग्नलची. कपलर जोडलेलंच ठेवून मागून प्रोब घाला. चावी चालू असताना लाल-काळीत साधारण ५ व्होल्ट हवेत. सिग्नल वायरीवर मूठ सोडलेली असताना ०.८ ते ०.९ आणि पूर्ण पिळल्यावर ३.५ च्या वर. मूठ सावकाश पिळताना आकडा मध्येच उड्या मारत असेल, तर मूठच बदला. लाल-काळीतच ५ व्होल्ट नसतील तर मोटरमधल्या हॉल सेन्सरचं (चाक कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरचं) कपलर काढून परत मोजा. कधी कधी तिथला शॉर्ट सगळ्यांचा ५ व्होल्ट खातो.

चाक थरथरतं, गुरगुरतं, ढकललं की चालतं. हे पंक्चर काढल्यानंतर हमखास उद्भवतं. चाक काढता-बसवताना ॲक्सलमधून निघणारी केबल पिळली किंवा चेपली जाते. जाड पिवळी, हिरवी, निळी या मोटरला करंट देणाऱ्या फेज वायरी; त्याच रंगांच्या बारीक वायरी हॉल सेन्सरच्या. आधी जाड वायरींचे जोड उघडा. पांढरं प्लॅस्टिकचं टोपण तपकिरी, कडक झालेलं आणि पितळ काळवंडलेलं दिसलं, तर तो जोड सैल होता. नुसतं घासून भागत नाही, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवा. मग चावी चालू ठेवून, मूठ न पिळता, काळा प्रोब हॉलच्या काळ्या वायरीवर ठेवा आणि चाक हाताने अगदी हळू फिरवा. तिन्ही बारीक वायरींवर आकडा शून्य-पाच, शून्य-पाच असा बदलायला हवा. एखादी एकाच आकड्यावर बसून राहिली, तर तो सेन्सर किंवा ॲक्सलजवळची ती वायर गेली.

चार्ज पूर्ण, पण गाडी लवकर बसते. चाकातली हवा आणि रुतणारा ड्रम ब्रेक आधी बघून घ्या, बॅटरीचे पैसे वाचतील. त्यानंतर बॅटऱ्या. थांबलेल्या गाडीत मोजलेलं व्होल्टेज फसवतं. थकलेली बॅटरीही निवांत असताना १२.७ दाखवते. तिच्याकडून काम करून घेतलं की ती उघडी पडते. एमसीबी पाडा, एकेका बॅटरीला कारचा ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब १० मिनिटं लावा आणि बल्ब पेटलेला असतानाच मोजा. बल्ब भाजेल इतका तापतो, फरशीवर ठेवा. तीन बॅटऱ्या एकमेकींच्या आसपास आणि चौथी अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली, तर तीच दोषी. एकीला निवांत असतानाही १०.५ च दिसत असेल, तर तिचा एक सेल शॉर्ट आहे. अशा वेळी चार्जरचा दिवा रात्रभर हिरवा होत नाही आणि बाकीच्या तिघी जास्त चार्ज होऊन फुगतात. संच वर्ष-दीड वर्षाचा असेल तर सगळाच बदलावा. जुन्यांच्या ओळीत एक नवी घातली, तरी गाडी किती पळणार ते सगळ्यात थकलेलीच ठरवते.

उलट, चार्जर लावल्या लावल्या हिरवा झाला आणि गाडी मात्र रिकामी, तर करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाहीये. चार्जिंग सॉकेटची पिन, त्यामागचा फ्यूज बघा. काही गाड्यांत एमसीबी वर असल्याशिवाय चार्जिंगच होत नाही.

लिथियमची गाडी असेल तर बॅटरीचा डबा घरी उघडू नका. फुगलेली, तापणारी किंवा वास मारणारी असेल तर चार्जिंगला लावू नका, घराबाहेर ठेवा. लेड ॲसिडचा चार्जर तिला चालत नाही.

पावसाळ्यात लाइट, हॉर्न, इंडिकेटर एकदम गेले पण गाडी पळतेय, तर १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेलाय. कपलरमध्ये हिरवट गंज दिसला तर क्लीनर मारा, पूर्ण वाळवा, मग पाणी आत येऊ न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा.

आता कंट्रोलर. गाडी बंद असतानाही चाक फिरवायला जड जातंय का? एमसीबी पाडून तिन्ही जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा. चाक एकदम हलकं झालं, तर कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट आहेत. तरीही जडच, तर मोटर किंवा ब्रेक. नवा कंट्रोलर त्याच व्होल्टेजचा आणि अँपिअरचा घ्या, रंगाला रंग जोडा. सेल्फ लर्निंगच्या, म्हणजे कंट्रोलरला मोटरची ओळख करून देणाऱ्या, दोन वायरी असतील तर त्या जोडून चावी चालू करा, चाक आपोआप फिरेल. उलटं फिरलं तर वायरी सोडवून परत जोडा. सुलटं फिरू लागलं की त्या कायमच्या वेगळ्या करून टोकांना टेप लावा.