टोमॅटोची रात्र

बियाणांच्या पाकिटावरचा टोमॅटो कायम लालबुंद असतो आणि त्याच्या अंगावर पाण्याचे दोन-चार थेंब असतात. हा फोटो नागपुरात मे महिन्यात काढलेला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते. दुकानदाराला विचारावं, "भाऊ, उन्हाळ्यात कोणता टिकेल?" तर उत्तर ठरलेलं, "सगळेच टिकतात, ताई."

आम्हा नागपूरकरांना दिवसाच्या पाऱ्याचा भारी अभिमान. 45 झाले की पुण्याच्या नातेवाइकांना फोन करून कळवतो. टोमॅटो मात्र रात्रीची चौकशी करतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. दिवसा ऊन असलं तरी रात्री गारवा हवा. दिवस 35 अंशांपुढे आणि रात्र 22-24 च्या वर राहू लागली की त्याचे परागकण निकामी होत जातात. फुलं भरपूर येतात, पिवळीधमक, पण फळ धरत नाही आणि देठाच्या सांध्यातून फूल गळून पडतं. अशा वेळी माणसं घाबरून खत घालतात. नत्राने पाला माजतो आणि टोमॅटो लागायचा तो लागत नाहीच. त्यात मी टोमॅटो लावते त्या गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत दिवसभराचं ऊन परत करत बसलेला.

म्हणून मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचते. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायब्रीड 1' हे वाण रात्र 28 अंशांची असली तरी फळ धरतं. तिथलंच 'पुसा सदाबहार' गारठा आणि उकाडा दोन्ही सोसतं. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' मला जास्त भावतं, कारण उन्हाळ्यात पांढरी माशी येते, पानं मुरडणारा विषाणू सोबत आणते, आणि हे वाण त्याला दाद देत नाही. अडचण एवढीच, की शेतकऱ्यांच्या मापाचं दहा ग्रॅमचं पाकीट घेतलं तर त्यात तीन हजारांच्या घरात बिया निघतात. माझ्या गच्चीला डझनभर रोपं पुष्कळ. उरलेल्या बिया वाटताना शेजारी आता दार उघडायच्या आधी भोकातून बघतात.

'ब्रँडीवाइन'सारखी परदेशी जुनी वाणं मी लांबूनच बघते. फळ मोठं, रूप देखणं, पण तयार व्हायला फार वेळ घेतात; तोवर आपला एप्रिल येऊन ठेपतो. त्यापेक्षा चेरी टोमॅटो बरा. लहानखुरा, लवकर येणारा, आणि उकाड्यातही थोडंफार देत राहणारा. सप्टेंबरात बी टाकलं की थंडीच्या रात्रींत बहुतेक काम उरकतं. मार्चपासून हिरवी जाळी बांधायची आणि मिळेल ते पदरात घ्यायचं.

एवढं करूनही शेवटची फळं लाल होत नाहीत, पिवळट-केशरी राहतात. तो वाणाचा दोष नाही. 30 अंशांपुढे टोमॅटोतला लाल रंगच नीट तयार होत नाही. जरा रंग फिरला की तोडून घरात टोपलीत ठेवले तर बऱ्यापैकी लाल होतात. तेवढा धीर नसेल तर हिरवेच तोडावेत, तीळ आणि दाणे भाजून चटणी वाटावी, वर लसणाची फोडणी. चटणीला मात्र कुठलंही वाण चालतं.