कुलकर्णी व्हायच्या आधी आम्ही कोण? नाशिकच्या वह्यांतला शोध

आमचं आडनाव कुलकर्णी. हे वतनाचं, म्हणजे गावच्या पिढीजात हुद्द्याचं नाव, महाराष्ट्रभर पसरलेलं. त्यावरून घराण्याचा माग लागत नाही. वतन मिळण्याआधी आपण कुठले, हे वडिलांना फार दिवस जाणून घ्यायचं होतं. म्हणून त्यांना घेऊन नाशिक गाठलं. तिथले तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थक्षेत्रातले पुरोहित, आलेल्या यजमानांच्या वंशावळी वह्यांत लिहून ठेवतात.

रामकुंडावर पहिला प्रश्न येतो तो "मूळ गाव कोणतं?" तीर्थोपाध्यायांकडे यजमान बहुतेक गाव आणि जातीवरून वाटलेले असतात. येवला तालुक्यातलं आमचं गाव सांगितलं आणि विचारत विचारत पंचवटीतल्या एका वाड्यात पोचलो.

गुरुजींनी फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी पडलेली, मजकूर मोडीत. शके १८०१, म्हणजे इ.स. १८७९ ची नोंद निघाली. खापरपणजोबांनी बाप, आजा, भाऊ, मुलगे अशी सगळी नावं लिहून पुढे "उपनाम निमोणकर" लिहिलं होतं आणि खाली सही. वडिलांनी त्या सहीवरून हलकेच बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही काही बोलवेना.

मग निमोणला जायलाच हवं होतं! हे संगमनेर तालुक्यात, नांदूर शिंगोट्याहून जवळ. तिथे आमचं आता कोणी नाही, तरी ग्रामदैवताला नारळ फोडला.

तुम्ही जाणार असाल तर पितृपक्ष आणि अमावास्या टाळा. सकाळी गुरुजी विधींत असतात, दुपारनंतर निवांत वेळ देतात. निदान तीन पिढ्यांची नावं, गोत्र, कुलदैवत लिहून न्या. नुसत्या आडनावावर वही उघडणं अवघड. फोटो विचारूनच काढा आणि दक्षिणा मनापासून द्या, कारण पिढ्यान्‌पिढ्या हे कागद त्यांनीच जपलेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९.

वहीत काही सापडलं नाही तर तहसील कार्यालयात जुने फेरफार आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ मागा. वतनदार घराण्यांनी पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तरही पाहावं. मात्र मोडी वाचणारा माणूस सोबत हवाच.

निघण्याआधी गुरुजी तुमचीही नोंद करून घेतात. आमच्या जुन्या नोंदीत एकाही बाईचं नाव नव्हतं. आम्ही आई, बायको आणि दोन्ही मुलींची नावं घालायला लावली, आणि गुरुजींनी ती आनंदाने लिहिली.