नाबी हिलचं घड्याळ

चाळीस मिनिटं उशीर झाला आणि सहाजणांचे मिळून 495 डॉलर 60 सेंट गेले. माणशी 70 डॉलर, वर 18 टक्के कर, म्हणजे 82.60, गुणिले सहा. टांझानियातल्या सेरेंगेटी पार्कच्या नाबी हिल या बाहेर पडायच्या गेटवर उभं राहून मी हा गुणाकार तीनदा केला, चूक सापडेना. म्हणून आधी हेच लिहितो. गोरिला, सिंह वगैरे मागाहून, जागा उरली तर.

युगांडा, केनिया, टांझानिया, पंधरा दिवस, सहा माणसं. माहितीपत्रकात ‘सेरेंगेटी 3 दिवस’ असं ठळक छापलेलं. तिथला दिवस म्हणजे आत शिरल्यापासून चोवीस तास, हे कंपनीने सांगितलंच नाही. आम्ही पश्चिमेच्या न्दाबाका गेटातून दुपारी 12.50 ला आत शिरलो, दोन रात्री राहिलो, म्हणजे तिसऱ्या दिवशी 12.50 च्या आत बाहेर पडायला हवं होतं. पोचलो दीडला. गेटवरच्या माणसाने नियम लावला, त्याची काहीच चूक नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, ‘पार्क फी समाविष्ट आहे, वाढीव वेळ नाही.’ जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी लेखी विचारावं: कुठल्या गेटातून किती वाजता आत, किती वाजता बाहेर, आणि उशीर झाला तर खिसा कोणाचा? टाळाटाळ झाली तर ती कंपनी सोडा.

उशीर का झाला, त्याचं मूळ दोन दिवस आधीच्या चिखलात आहे.

केनियाचं मसाई मारा आणि टांझानियाचं सेरेंगेटी हे एकच रान. मधल्या सँड नदीवरून सिंह, झेब्रे खुशाल ये-जा करतात, पण पर्यटकाला तिथून पलीकडे जाता येत नाही. आपण वळसा घालून इसेबानिया-सिरारीच्या सीमानाक्यावरून जायचं. तिथे गाडी बदलते. केनियाची गाडी, केनियाचा ड्रायव्हर परत. पलीकडे टांझानियाची गाडी उभी. ‘संपूर्ण प्रवास एकाच गाडीने’ हे छापील वाक्य या नाक्यावर संपलं. सामान उतरवा, रांगेत उभे राहा, पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड दाखवा, पुन्हा सामान चढवा. ते कार्ड सुटकेसच्या तळाशी ठेवणारा महाभाग आमच्यात होता. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या. आणि परत येताना मुंबईत कार्ड नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात.

न्दाबाकापासून पार्काच्या मधल्या सेरोनेरापर्यंत साधारण 140 किलोमीटर. पार्कात वेगमर्यादा 50. कोरड्या दिवसांत तीन तासांचा रस्ता. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो, आदल्या रात्री पाऊस झालेला. रस्ता बघताच मी म्हटलं, अरे ही तर आपली काळी माती! तिकडे तिला ब्लॅक कॉटन सॉइल म्हणतात. सोलापूर-परभणीकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. वरून सुकल्यासारखी दिसते, आणि चाक पडलं की आत ओढून घेते. दोनच्या सुमाराला मागची दोन्ही चाकं एक्सलपर्यंत रुतली. जॅक लावला तर जॅकच आत. शेवटी फळी, फांद्या आणि आमच्या बसायच्या चटया घालून, समोरून आलेल्या एका ट्रकने दोरखंडाने ओढल्यावर सव्वाचारला सुटलो. सेरोनेराच्या कॅम्पवर अंधारातच पोचलो. त्या दिवशीची ‘दुपारची सफारी’ म्हणजे हेच.

आणि माश्या. त्सेत्से माशी त्याच पट्ट्यात भरपूर, आणि तिला गडद निळा आणि काळा रंग भारी आवडतो. आमच्या ग्रुपच्या हौशी मंडळींनी गडद निळे टी-शर्ट छापून आणले होते. सहाजण एकाच रंगात, रस्त्यावर ढकलत उभे. पँटमधूनही चावते ती, ओडोमॉसला दाद देत नाही. खाकी, मातकट, फिके कपडे घ्या, आणि ग्रुपचे टी-शर्ट विमानतळावरच्या फोटोपुरते ठेवा.

ओढाओढीत स्टेपनी फाटली होती, हे तिसऱ्या दिवशी सकाळी पंक्चर झाल्यावर कळलं. दुसरी स्टेपनी नव्हती. दुसऱ्या गाडीवाल्याकडून चाक मिळवण्यात दीड तास गेला, आणि मग शेवटचे दोन तास आम्ही सिंहांना नुसता हात करत नाबी हिल गाठायला निघालो. एका कोप्ज्यावर, म्हणजे ग्रॅनाइटच्या टेकाडावर, बिबट्या पसरलेला; ड्रायव्हर घड्याळाकडे बघून म्हणाला, ‘फोटो दोन मिनिटं.’ एवढं करून चाळीस मिनिटं उशीर झालाच. दोन स्टेपन्या आणि फावडं नसलेल्या गाडीत बसू नका. हसतील, हसू देत.

माझं स्पष्ट मत: नोव्हेंबरात पश्चिमेच्या पट्ट्यातून जाऊ नका. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे, कळप तिथे मे-जूनच्या सुमाराला असतात. आम्हाला ‘ग्रेट मायग्रेशन’, म्हणजे या कळपांचं वार्षिक स्थलांतर, म्हणून विकलेल्या त्या रस्त्यावर मोजून अकरा विल्डबीस्ट दिसले. मारा नदी ओलांडतानाचं दृश्य जुलै ते ऑक्टोबरमधलं. नोव्हेंबरात कोणी ते दाखवतो म्हणाला तर फोन ठेवा. पाऊस लागला असेल तर इसेबानियाहून फोर्ट इकोमा गेटचा रस्ता मागा, सेरोनेरा तिथून जवळ पडतं.

मारातही घड्याळच, पण वेगळं. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, जुलै ते डिसेंबर 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. आम्हाला पहिल्याच दिवशी सव्वाचारला आत नेलं. पावणेदोन तासांचे माणशी 200 डॉलर! त्या संध्याकाळी गेटबाहेर राहा, चहा प्या, उशिरापर्यंत झोपू नका आणि सहाच्या ठोक्याला आत शिरा. पूर्ण दिवस वसूल होतो.

युगांडात ब्विंडीच्या जंगलातले गोरिला बघितले. परवाना 800 डॉलर, आठजणांची तुकडी, गोरिलांसोबत एकच तास, तोंडाला मास्क. चढ निसरडा आहे, पण रतनगड करणाऱ्याने काळजी करू नये; काटेरी पाल्यासाठी बागकामाचे जाड हातमोजे मात्र हवेतच. पोर्टर घ्या, गावातल्या माणसाला काम मिळतं. तो तास कसा होता ते मी लिहायला गेलो तर नाबी हिलचा राग उतरेल, तेव्हा राहू दे. नाकुरूला गेंडे आणि आराम. छान होतं.

खाण्याचं: शाकाहारी उपाशी राहत नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकी म्हणजे पालेभाजी, घेवड्याची उसळ, आणि केनियात चपाती सगळीकडे, आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट. चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका म्हणतात. चिवडा-शंकरपाळे न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमधून नको. केनियात 2017 पासून, टांझानियात 2019 पासून त्यांना बंदी आहे. वहिनींचा चिवडा आम्ही जुन्या उशीच्या अभ्र्यातून फिरवला. डॉलर नवे कोरे न्या. माझी 2003 सालची नोट तीन जागी परत आली. केनियाची ई-टीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) आणि टांझानियाचा ई-व्हिसा घरूनच काढा.

शेवटचा मुक्काम न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर, साधारण 2300 मीटरवर. कळसूबाई 1646. ‘आफ्रिकेत कसली थंडी’ म्हणत दोघांनी स्वेटर नैरोबीला ठेवला होता. ते तंबूत टॉवेल पांघरून झोपले. विवरात उतरायचे गाडीमागे 295 डॉलर लागतात, त्यामुळे सहाजण असलेले बरे, तिघांना दुप्पट भार पडतो. सकाळी सहाला उतरलो. धुकं, खाली सहाशे मीटरवर तळ, आणि लांबवर एक काळा ठिपका. ड्रायव्हर म्हणाला गेंडा आहे. दुर्बिणीतून बघितलं, ठिपक्याने कान हलवले. सगळे गप्प होते. मग मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं, इथून किती वाजता बाहेर पडायचंय ते बघितलंय ना?