लोक्रोनानची त्रोमेनी : १२ किलोमीटरची प्रदक्षिणा

लोक्रोनान हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं, फिनिस्तेर जिल्ह्यातलं जेमतेम ८०० वस्तीचं गाव. ग्रॅनाइटची घरं, चौकात विहीर, समोर पंधराव्या शतकातलं सेंट रोनानचं चर्च. एके काळी इथल्या शिडाच्या कापडाला जहाजांकडून मोठी मागणी होती. चौकातली भारदस्त घरं त्याच पैशातून उभी राहिली.

आम्ही चाललो ती ‘ग्रांद त्रोमेनी’, म्हणजे सेंट रोनानच्या नावाची मोठी धार्मिक फेरी. ब्रेटन भाषेत ‘त्रो मिनिही’ म्हणजे अभयक्षेत्राची, चर्चच्या आश्रयाखालच्या जागेची फेरी. दर सहा वर्षांनी जुलैचा दुसरा ते तिसरा रविवार, एवढाच तिचा काळ. २०१९ नंतर २०२५ ला झाली, आता २०३१ ला. मधल्या दर वर्षी निम्म्या अंतराची छोटी फेरी असते.

आपली वारी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, ही मात्र खरी प्रदक्षिणा : गाव उजव्या हाताला ठेवून जिथून निघालो तिथेच परत. वाटेत १२ थांबे. तिथे बायबलमधलं शुभवर्तमान वाचतात, प्रार्थना होते. शिवाय पानाफांद्यांच्या आणि पांढऱ्या चादरींच्या ४४ झोपड्या, प्रत्येकीत एका संताची मूर्ती. राखणदार घंटा वाजवतो, आपण नमस्कार करून दक्षिणा ठेवायची आणि पुढे निघायचं.

वाट खासगी शेतांतून जाते आणि त्या आठवड्यापुरतीच मोकळी होते, त्यामुळे एरवीच्या नकाशावर विसंबू नका. झोपड्या हीच खूण. रविवारी मिरवणुकीबरोबर गेलात तर पाचेक तास धरा. एकट्याने, शांतपणे चालायचं तर मधले दिवस उत्तम. जुनी माणसं पहाटे, एक शब्दही न बोलता फेरी करतात.

चुकतं कुठे? सुरुवातीची सखल वाट ओली असते, सँडल रुतते. आणि सोपं वाटून पाणी आधीच संपवलं, की खरी चढण शेवटच्या टप्प्यात येते : २८९ मीटरचा मेनेझ लोकोर्न. माथ्याला ‘प्लास आर होर्न’, शिंगाची जागा म्हणतात. रोनानचं शव नेणाऱ्या बैलांपैकी एकाला केबेन नावाच्या बाईने मारलं आणि त्याचं शिंग इथे पडलं, अशी कथा. माथ्यावरून दुआर्नेनेझचा उपसागर दिसतो. इथे जरा बसाच.

खाली चर्चला लागून असलेल्या पेनिती चॅपलमध्ये रोनानची समाधी आहे. काळसर केर्सांतों दगडाची, सहा देवदूतांनी खांद्यावर पेललेली. पूर्वापार भाविक तिच्याखालून वाकून जात आले आहेत.