चेहरा नसलेली नवरी

युरोप टूरमध्ये रोमच्या वाट्याला एकच दिवस येतो. त्यातही मागच्या खेपेला आम्ही तेर्मिनी स्टेशनजवळच्या हॉटेलात पोचलो रात्री बाराला. ड्रायव्हरची अकरा तासांची सक्तीची विश्रांती, म्हणजे सकाळी अकराच्या आत बस हलणार नाही. आदल्या दिवशी ‘पाचच मिनिटं’ म्हणत दुकानात रेंगाळलेले लोकच सकाळी माझ्यावर खेकसत होते. टूर मॅनेजरने हे ऐकूनच घ्यायचं असतं.

सांगलीचे एक काका-काकू मात्र म्हणाले, ‘जवळपास काही बघण्यासारखं आहे का?’ पाच मिनिटांवर पलाझ्झो मास्सिमो हे म्युझियम. ग्रुप तिथे सहसा जात नाहीत. मी स्वतः सुटीत जातो.

तिथे पोर्तोनाच्चोची शवपेटी आहे. 1931 साली रोमच्या पोर्तोनाच्चो भागात सापडलेली, इसवी सन 180च्या सुमाराची. पुढच्या अंगावर लढाईची अशी दाटी की बोट घालायला जागा नाही; घोड्यांचे पाय, ढाली, पडलेले रानटी, सगळं संगमरवरातून सुटं काढलेलं. वर झाकणाच्या पट्टीत माणसाचं आयुष्य. बाळाचा जन्म, संगोपन, लग्न, शरण आलेल्यांवर दया.

लग्नापाशी मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, ‘बघा, आपलं पाणिग्रहणच!’ रोमन ग्रंथांत ज्वालेच्या रंगाची ओढणी येते, भाल्याच्या टोकाने भांग पाडून घातलेल्या सहा बटा येतात, वरातीत उधळलेले अक्रोड येतात. दगडावर मात्र बहुतेक वेळा एवढंच, उजव्या हातात उजवा हात.

काकूंचं लक्ष हातांकडे नव्हतंच. ‘अरे, हिला तोंडच नाही.’

खरंच नाही. बायकोचा चेहरा म्हणजे नुसता ओबडधोबड गोळा. नवऱ्याचाही तसाच, आणि खाली लढाईच्या मधोमध घोड्यावर बसलेल्या सेनापतीचाही. मी सांगितलं, कारागीर माल तयार ठेवायचे, गिऱ्हाईक आलं की चेहरा कोरायचे. किंवा घरच्यांकडून नमुना यायची वाट बघत राहिले असतील.

काकांचा फर्निचरचा कारखाना होता. ‘ऑर्डरशिवाय एवढं काम? बुडाला असणार बिचारा.’

काकू झाकणाकडेच बघत होत्या. ‘तिच्या वाटणीला बाळ आणि लग्न. बाकी सगळं त्याचं.’ मग थोड्या वेळाने, ‘दोघं जिवंत असतील रे. जिवंतपणी असल्या पेटीवर कोण तोंड कोरून घेईल? आज-उद्या करत राहिले असतील.’

हे मी कुठे वाचलेलं नाही. चूकही असेल. पण अकरा वर्षं लोकांना ‘आपलं पाणिग्रहणच’ सांगून टाळ्या घेतल्या, आणि ते शवपेटीवर आहे याचा एकदाही नीट विचार केला नव्हता.

काकूंनी फोन काकांच्या हातात दिला, ‘अहो, माझा एक फोटो काढा इथे.’

‘शवपेटीपुढे? वेड लागलंय का?’

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. अकराला दहा कमी होती.