रांगेतले वेदनानिरीक्षण
आज बराच वेळ रांगेत उभे राहावे लागले, आणि मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सतिपट्ठान सुत्तात (बुद्धाच्या सजगतेवरील उपदेशात) सांगितलेल्या काया, वेदना (केवळ दुखणे नव्हे, तर सुखद-दुःखद अशी कोणतीही जाणीव), चित्त व धम्म (मनात येणारे विषय) या सजगतेच्या चार आधारांपैकी वेदनेकडे पाहायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल, असे वाटले. टाचा ठणकत होत्या. पण ठणका वेगळा आणि ‘हे लोक इतके संथ का?’ ही चिडचिड वेगळी, हे नीट पाहिल्यावर चिडचिड थोडी ओसरली, ठणका तसाच राहिला. (मन अगदी शांत झाले, असे म्हणणे खोटे ठरेल.) सुखद आणि दुःखद वेदना चटकन लक्षात येतात; सुत्तातली तिसरी, सुखदही नाही आणि दुःखदही नाही अशी वेदना मात्र हातातल्या कागदाच्या स्पर्शासारखी सहज निसटते, आणि माझ्या मते आपला हात नेमका त्याच वेळी मोबाइलकडे जातो.